गाडीच्या नाकावरचं लोखंड : बंपर, ब्रश गार्ड आणि बुल बारचा इतिहास



आपल्या या मालिकेत आतापर्यंत किल्ले झाले, तोफा झाल्या, रणगाडे झाले. आजचा विषय त्यामानाने साधा आहे, पण तो तुमच्या-माझ्या दारात उभा आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, बंगळुरू, कुठूनही मराठी माणसाचा फोन आला आणि त्याने नुकतीच जीपसारखी उंच गाडी घेतलेली असली, की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, तुम्ही फौजेत होतात. गाडीला पुढे कोणता गार्ड बसवू? पाइपचा की पत्र्याचा?"

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. फौजी गाडी म्हणजे पुढे जाडजूड लोखंड, आणि लोखंड म्हणजे सुरक्षितता. हे चित्र कुठून आलं, त्यात खरं किती आणि आज त्याचं काय करायचं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. गाडीच्या नाकावर आलेलं प्रत्येक लोखंड कोणत्या तरी ठरावीक धोक्याला दिलेलं उत्तर होतं. धोका कोणता, हे विसरून नुसतं उत्तर उचललं, की घोटाळा होतो.

सुरुवात मोटारीपासून नाही, आगगाडीपासून करू. अमेरिकेत १८३० च्या दशकात रेल्वे इंजिनांच्या पुढे उतरती लोखंडी चौकट बसायला लागली. लोक तिला काऊकॅचर म्हणत. आपल्याकडे रेल्वेत कॅटल गार्ड म्हणतात. रुळांना कुंपण नव्हतं आणि गुरं रुळांवर येत. इंजिनाखाली गुरू सापडलं तर इंजिनच रुळावरून घसरायचं. म्हणून वाटेतली वस्तू बाजूला ढकलून देणारी नांगराच्या आकाराची चौकट आली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आगगाडीला वळता येत नाही आणि पटकन थांबताही येत नाही. तिच्यापुढे ढकलण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. मोटारीला स्टिअरिंग आहे आणि ब्रेकही आहे.

आता जीपकडे येऊ. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी कंपन्यांना अटी पाठवल्या. चारही चाकांना ताकद हवी, माणसं आणि सामान नेता आलं पाहिजे आणि वजन अगदी कमी हवं. पहिली वजनमर्यादा इतकी कडक होती, की ती पुढे वाढवावी लागली. वाढवलेली मर्यादा होती २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलो. विलिस कंपनीची गाडी त्यातही बसेना. तिचे मुख्य इंजिनिअर डेल्मार रूस यांनी गाडी सुटी केली आणि एकेका भागाचं वजन उतरवायला घेतलं. बोल्टची जास्तीची लांबी कापली आणि रंगाचा हातसुद्धा एकच दिला. अशी ती गाडी मर्यादेत बसली. पुढे युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप तयार झाल्या.

जिच्या बोल्टचं टोकसुद्धा वजनासाठी कापलं, तिच्या नाकावर शोभेचं लोखंड कोण चढवेल? त्या जीपचा पुढचा बंपर पाहा. एक सरळ लोखंडी पट्टी, मधोमध हँडल घालून इंजिन सुरू करण्यासाठी भोक. बस, एवढंच. तिची जाळीसुद्धा कामापुरती होती. सुरुवातीच्या जीपला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून केलेली जाळी होती. फोर्डने एकाच पत्र्यातून दाबून काढलेली उभ्या फटींची जाळी केली. ती हलकी होती, स्वस्त होती, म्हणून विलिसनेही उचलली. हेडलाइट त्या जाळीच्या रेषेच्या आत बसवले होते. झाडीत घुसताना फांदी आधी जाळीला लागणार, काचेला नाही. वेगळा गार्ड न लावता रचनेतच बचाव साधला होता.

मोठ्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्याच युद्धातल्या डॉज गाड्यांवर आणि अडीच टनी जीएमसी ट्रकवर दिव्यांपुढे आणि रेडिएटरपुढे लोखंडी पट्ट्यांची चौकट असे. हाच ब्रश गार्ड. इंग्रजीत ब्रश म्हणजे झुडपं. नावातच काम सांगितलं आहे. रस्ता सोडून झाडीतून जाताना फांदी रेडिएटरमध्ये घुसली तर पाणी गळतं, इंजिन तापतं आणि ताफ्यातली एक गाडी अडली की मागचा सगळा ताफा अडतो. ब्रश गार्ड फांद्यांसाठी होता. समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर घेण्यासाठी तो नव्हताच.

आता फौजी लोखंडाचा सगळ्यात बोलका नमुना सांगतो. इटली आणि फ्रान्समधल्या लढाईत माघार घेणारे जर्मन सैनिक रस्त्यावर आडवी बारीक तार ताणून बांधत. दोन्ही बाजूंना झाड किंवा खांब, आणि तार जीपमध्ये बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. जीपची पुढची काच बऱ्याचदा बॉनेटवर आडवी पाडलेली असे, कारण काच उन्हात चमकली की शत्रूला गाडी दुरून कळते. वेगात जाणाऱ्या जीपमधल्या माणसाला ती तार दिसायची नाही, आणि दिसेपर्यंत सगळं संपलेलं असायचं.

यावर उपाय मैदानातल्या वर्कशॉपने काढला. लोखंडी अँगलचा एक उभा खांब पुढच्या बंपरला मधोमध वेल्डिंग केला. उंची माणसाच्या डोक्याच्या वर, टोक पुढे वाकवलेलं आणि तिथे एक खाच. तार खांबावर सरकत वर जायची, खाचेत अडकायची आणि तुटायची. जुन्या छायाचित्रांत जीपच्या नाकावर हा खांब उभा दिसतो. दिसायला ओबडधोबड, पण त्याने किती माणसांच्या माना वाचवल्या असतील याची कल्पना करा.

लढाई संपल्यावर त्या खांबाचं काय झालं? १९४५ सालीच विलिसने शेतकऱ्यांसाठी आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठी जीप बाजारात आणली. तिच्या बंपरवर तो खांब नव्हता. तारेचा धोका गेला, खांबही गेला. तेव्हाच्या लोकांना हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

जीप भारतात आली ती युद्धामुळे, आणि राहिली ती मुंबईमुळे. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे सैन्य, पोलीस, वनखातं, पाटबंधारे खातं, कलेक्टर कचेरी, सगळीकडे जीप दिसू लागली. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, ४ ग्रेनेडिअर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. रणगाड्यासमोर त्या जीपला कसलं कवच होतं? काहीच नाही. उभ्या पिकाचा आडोसा, गाडीचा बुटका बांधा आणि गोळा डागल्यावर झटकन जागा बदलणं, हाच तिचा बचाव. रणगाड्याच्या गोळ्यापुढे बंपरवरच्या चार पाइपांनी काय होणार होतं?

जीपनंतर आली जोंगा. जबलपूरच्या कारखान्यात तयार होणारी निसानच्या आराखड्याची दणकट गाडी. मग जिप्सी. जिप्सी बाजारात आली १९८५ साली आणि १९९० च्या दशकात फौजेची आवडती झाली. हलकी, उंच आणि चढाला न दमणारी. फौजेत तुम्हाला अशा गाड्यांवर काही ठिकाणी जाळ्या दिसतील, वायरलेसचे अँटेना दिसतील, टो हुक दिसतील. प्रत्येक वस्तूमागे काम असतं. जाळी दगडासाठी, हुक चिखलातून ओढण्यासाठी. गाडीत बदल करायचा तर त्याची रीतसर मंजुरी लागते. युनिटमधल्या कुणाच्या मनाला आलं म्हणून वेल्डिंगची ठिणगी पडत नाही. गाड्यांची जबाबदारी ईएमई या तांत्रिक कोअरकडे असते, आणि तिथला हवालदारसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतो, "साहब, किस लिए चाहिए?"

बाजारातल्या गार्डचं मूळ मात्र आपल्या फौजेत नाही. ते बऱ्याच अंशी ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या आतल्या भागात मैलोन्‌मैल वस्ती नाही. दक्षिणेकडच्या पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंतचा महामार्ग सुमारे २,७०० किलोमीटरचा. संध्याकाळनंतर रस्त्यावर कांगारू येतात. मोठा लाल कांगारू ८०-९० किलोचा असतो. त्याच्या धडकेने रेडिएटर फुटला, तर तुम्ही निर्मनुष्य वाळवंटात पाण्यावाचून अडकता. तिथे पुढच्या लोखंडाचा अर्थ होता, गाडी चालू ठेवून पुढच्या गावाला पोहोचणं. म्हणून तिथे बुल बार आणि रू बार आले. मेलबर्नच्या अँथनी ब्राउन यांनी १९७५ साली एआरबी ही कंपनी याच गरजेतून सुरू केली. उत्तरेच्या प्रवासात लोकांच्या गाड्यांवरचे कच्चे बार आणि कॅरिअर त्यांनी पाहिले होते. आज ती कंपनी जगभर माहीत आहे.

पण याच काळात मोटारीच्या पोटात एक मोठा बदल झाला होता, आणि आपल्या विषयाचा खरा सांधा तिथे आहे.

जुनी समजूत अशी, की गाडी जितकी कडक तितका आतला माणूस सुरक्षित. मर्सिडीजमधले इंजिनिअर बेला बारेन्यी यांनी ती उलटी केली. १९५१ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी, की गाडीचा मधला भाग, जिथे माणसं बसतात, तो कडक ठेवायचा. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा करायचा. १९५९ साली अशी गाडी रस्त्यावर आली. आज आपण त्याला क्रंपल झोन म्हणतो.

याचं गणित साधं आहे. समजा गाडी ताशी ६० किलोमीटरने भिंतीवर आदळली. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळला, तर गाडी थांबताना आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या २४ पट जोर येतो. तोच भाग फक्त ३० सेंटिमीटर चुरगळला, तर जोर ४७ पटींच्या घरात जातो. पत्रा वाचला, पण बरगड्या गेल्या. मिस्त्री अभिमानाने सांगतो, "गाडीला खरचटलंही नाही." त्याला विचारा, गाडीने धक्का खाल्ला नाही तर मग तो कुणी खाल्ला?

एअरबॅगचंही तसंच. धडक किती जोराची आहे हे गाडीतले सेन्सर गाडी किती झपाट्याने थांबते त्यावरून ओळखतात. कंपनीने त्याचं गणित मूळ बंपर आणि मूळ चुरगळणारा भाग धरून बसवलेलं असतं. पुढे बाहेरचं लोखंड चासीला बोल्टने आवळलं, की ते गणित बदलतं. एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा किरकोळ धक्क्याला विनाकारण उघडू शकते. आणि उशिरा उघडलेली एअरबॅग पुढे झेपावलेल्या माणसालाच इजा करते. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. सामान्य गिऱ्हाइकांसाठी जिप्सी त्याच वर्षी बंद झाली. जिप्सीच्या जमान्यातलं लोखंड एअरबॅगच्या जमान्यातल्या गाडीवर चढवणं म्हणजे पणजोबांचं चिलखत घालून पॅराशूट उडी मारण्यासारखं आहे. चिलखत खोटं नव्हतं, पण ते या कामाचं नाही.

आता गाडीबाहेरच्या माणसाबद्दल बोलतो. माझ्या मते आजच्या विषयातली सगळ्यात गंभीर बाब हीच आहे.

आधुनिक गाडीचा पुढचा भाग पायी जाणाऱ्याचाही विचार करून केलेला असतो. बंपरचं प्लास्टिक दबतं, बॉनेटखाली मोकळी जागा असते, कडा गोल असतात. माणसाला धक्का लागला तर तो शरीराच्या मोठ्या भागावर पसरावा, हा हेतू. त्यापुढे दोन इंची लोखंडी पाइप आला, की तोच धक्का एका अरुंद रेषेवर येतो. मोठ्या माणसाच्या कमरेवर आणि मांडीच्या हाडावर. उंच गाडीवरच्या गार्डचा वरचा पाइप जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतो. पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण तेवढीच. म्हणजे तो पाइप त्याच्या डोक्याच्या रेषेत येतो. तुमच्या घराजवळच्या शाळेसमोर उभे राहा आणि सुटणारी मुलं पाहा. मग गार्ड निवडा.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यातले ३२,८२५ पादचारी होते. दुचाकीवरचे ७४,८९७. म्हणजे मरणाऱ्यांतला मोठा वाटा गाडीबाहेरच्या, उघड्या अंगाच्या माणसांचा आहे. या सगळ्यांना गार्डने मारलं असं मी म्हणत नाही. पण आपल्या रस्त्यावर गाडीच्या नाकासमोर कोण असतं, हे या आकड्यांवरून कळतं. तिथे ना ताणलेली तार आहे, ना कांगारू. तिथे आपलीच माणसं आहेत.

जगाने हे ओळखलं. युरोपीय संघाने २००५ साली अशा पुढच्या संरक्षक चौकटींसाठी पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम केले. बुल बारच्या माहेरी, ऑस्ट्रेलियातसुद्धा २००२ साली त्यासाठी वेगळं मानक आलं. आपल्याकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून असे क्रॅश गार्ड आणि बुल बार लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. आधार होता मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, असं ते कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच तत्त्व उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

"मग साहेब, रात्री महामार्गावर नीलगाय आली तर?" हा प्रश्न माळव्यातून आणि विदर्भातून नेहमी येतो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर वेगात आहे. ताशी ८० किलोमीटरला ड्रायव्हरचा दीड सेकंद विचारात गेला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. ताशी ६० ला हाच हिशेब ४५ मीटरच्या आसपास येतो. हेडलाइटचा खालचा झोत जेवढा रस्ता दाखवतो, तेवढ्यात तुम्ही थांबू शकला पाहिजेत. हेडलाइट नीट लावून घ्या, काच पुसून ठेवा आणि जंगलपट्ट्यात वेग कमी करा. फौजेच्या ताफ्याला वेगमर्यादा ठरवून दिलेली असते ती काही उगाच नाही.

आता ज्यांना खरोखर रस्ता सोडून जायचं आहे, ओढ्यात, चिखलात, खडकांवर, त्यांच्यासाठी निवडीचे चार मुद्दे.

पहिला, पुढच्या पाइपाआधी गाडीचं पोट वाचवा. ऑफ-रोडिंगमध्ये नुकसान बहुधा खालून होतं. इंजिनचं ऑइल चेंबर, गिअर बॉक्स, डिझेलची टाकी. कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी दिलेली स्किड प्लेट असेल तर आधी ती घ्या.

दुसरा, ओढायची जागा. ट्रकवर गाडी बांधून नेण्याचा हुक वेगळा आणि रुतलेली गाडी ओढण्याचा हुक वेगळा. ओढायचा हुक चासीला पक्का हवा. नुसत्या गार्डच्या पाइपाला दोर बांधून ओढाल, तर पाइप तुटून गोळीसारखा सुटतो. दोर ताणलेला असताना त्याच्या आसपास कुणीही उभं राहायचं नाही. ही शिस्त आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवली जाते.

तिसरा, वजन. स्टीलचा भक्कम बंपर ४० ते ७० किलोचा, त्यावर विंच बसवला की आकडा शंभरीच्या घरात जातो. हे सगळं पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं. स्प्रिंग दबतात, नाक खाली येतं, ब्रेक मारल्यावर गाडी आणखी झुकते. शिवाय बंपर खाली लोंबत असेल तर चढ सुरू होतानाच तो जमिनीला टेकतो. ज्या चढासाठी गाडी घेतली, तोच चढता येत नाही.

चौथा, बांधणी. जिच्यात चासी वेगळी आणि बॉडी वेगळी अशा गाडीची गोष्ट निराळी, आणि जिच्यात बॉडी हीच चासी आहे त्या गाडीची निराळी. आजच्या बहुतेक शहरी एसयूव्ही दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. त्यांना जड लोखंड लावायला मुळात भक्कम जागाच नसते. स्पर्धेसाठी किंवा खासगी ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल, तर तिला एअरबॅगशी जुळणारा, टोकदार कडा नसलेला, रेडिएटरची हवा न अडवणारा बंपर लावा आणि ती गाडी ट्रेलरवरून न्या. ज्या गाडीतून तुम्ही मुलांना शाळेत सोडता, ती कंपनीने दिली तशीच ठेवा. गार्ड आधीच बसवलेला असेल तर रविवारी पाना घ्या आणि काढून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे.

इटलीतल्या त्या सैनिकाने जीपला खांब जोडला, कारण त्या रस्त्यावर काय ताणून ठेवलेलं असू शकतं हे त्याला माहीत होतं. फौजी दिसायचं असेल तर त्याचा खांब उचलू नका, त्याचा विचार उचला. आधी धोका ओळखा आणि मग लोखंडाला हात लावा.

पुढच्या भागात जबलपूरच्या कारखान्याची आणि शक्तिमान ट्रकची गोष्ट. तोवर गाडी जपून चालवा, समोरच्याला जपा.

जय हिंद.